उशीर देवाचा नव्हे



कीर्तन संपते, आरती होते, बुक्का लावून मंडळी पांगतात, आणि एखादा माणूस मागे रेंगाळतो. चारचौघांत विचारता येत नाही असे काहीतरी त्याला विचारायचे असते. गावे बदलली, पिढ्या बदलल्या, पण माझ्या अनुभवात हा प्रश्न फारसा बदलला नाही. "महाराज, गळ्यात माळ आहे, एकादशी आहे, हरिपाठ चुकवत नाही. देव ऐकणार तरी कधी?" कोणाच्या मुलीचे लग्न जमत नसते, कोणाची विहीर आटलेली असते, कोणाच्या घरात आजारपण ठाण मांडून बसलेले असते. पूर्वी हा प्रश्न बारा-पंधरा वर्षे वारी केलेला माणूस विचारी. आता माळ घालून सहा महिने झालेला तरुणही विचारतो. त्यात त्याचा दोष मानू नये. ज्या जगात तो वाढला, तिथे बोट टेकवले की पैसे पोचतात आणि सकाळी मागवलेली वस्तू संध्याकाळी दारात येते. देवाच्या दारीही असाच हिशेब असावा असे त्याला वाटले, तर नवल नाही.

या प्रश्नाला उत्तर म्हणून धीराचे दोन शब्द सांगणे सोपे आहे. पण आपल्या संप्रदायाला सातशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि देवाचा वेळ म्हणजे काय हे त्या इतिहासात वर्षांच्या आकड्यांनिशी दिसते. म्हणून आज दृष्टांत थोडे बाजूला ठेवून आपण हिशेबच मांडू.

पाया आणि कळस

संत बहिणाबाईंनी आपल्या संप्रदायाला एका इमारतीची उपमा दिली, हे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. ज्ञानोबा माउली त्या इमारतीचा पाया, नामदेवरायांनी भोवतीचा विस्तार केला, नाथबाबांनी भागवताचा आधार उभा केला आणि तुकोबाराय कळस झाले. उपमा पाठ असते म्हणून आपण तिच्यातला काळ मोजायला विसरतो. नेवाशाला प्रवरेच्या काठी माउलींनी गीतेवरची टीका पूर्ण केली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९०. तुकोबांचे वैकुंठगमन शके १५७१ च्या फाल्गुनातले, म्हणजे इ. स. १६५०. पायाच्या दगडापासून कळसापर्यंत ३६० वर्षे गेली. आपण घर बांधायला काढतो आणि दोन पावसाळे गेले की गवंड्यावर चिडतो!

त्यातही मधला काळ कसा होता ते पाहा. शके १२१८ च्या कार्तिकात, इ. स. १२९६ मध्ये, माउलींनी आळंदीला समाधी घेतली. त्याच वर्षाच्या आरंभी अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर येऊन गेली होती. पुढे वीस-बावीस वर्षांत यादवांचे राज्य उरलेही नाही. ज्या राजाच्या काळात ग्रंथ लिहिला, ते राज्य गेले आणि ग्रंथ राहिला. परंतु तो राहील हे त्या दिवशी कोणाला ठाऊक होते? ज्याने पाया घातला त्याला कळस दिसला नाही. त्याने पसायदान मागितले ते विश्वासाठी मागितले आणि ते कधी मिळेल याची तिथी मागितली नाही.

नामदेवरायांचेही असेच. माउलींच्या मागे ते सुमारे ५४ वर्षे राहिले. उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले, तिकडच्या लोकांना त्यांच्या भाषेत नाम सांगितले. इ. स. १३५० मध्ये त्यांनी देह ठेवला. शिखांचे पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी आदिग्रंथ सिद्ध केला तो १६०४ मध्ये, आणि त्यात नामदेवांच्या ६१ पदांना स्थान मिळाले. पेरणीनंतर अडीचशे वर्षांनी, परक्या भाषेच्या प्रांतात हे पीक हाती आले. पेरणाऱ्याने ते पाहिले नाही, पण आज गुरुद्वारात ती पदे गायिली जातात.

आता माझे खरे सांगणे या पुढच्या आकड्यात आहे. नामदेवराय गेले १३५० मध्ये. नाथबाबा पैठणला जन्मले १५३३ च्या सुमारास. मधे १८३ वर्षे आहेत. या काळात भानुदास झाले, दामाजीपंत झाले, कान्होपात्रा झाली. नाही असे नाही. पण ज्यांच्याभोवती सारा संप्रदाय गोळा व्हावा असा ज्ञानोबा नाही, नामदेव नाही. दुर्गादेवीचा दुष्काळ याच काळातला. राजवटी आल्या आणि गेल्या. देवाची मूर्ती विजयनगरला नेली गेली आणि भानुदासांनी ती परत आणली, असे परंपरा सांगते. अशा १८३ वर्षांत आषाढी-कार्तिकीची वाट कोणी मोडू दिली नाही? ज्यांचे एकही नाव आपल्याला माहीत नाही अशा माणसांनी. कोणी शेतकरी, कोणी शिंपी, कोणी माळी, कोणी महार, कोणी बाई लेकरू कडेवर घेऊन. बापाने वारी केली, मुलाने केली, नातवाने केली. नाथ येणार आहेत, तुकोबा येणार आहेत हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते फक्त आपल्या पाळीची वारी करीत राहिले. पाया आणि कळस यांच्या मधल्या भिंती अशा बिननावाच्या पायांनी उभ्या राहिल्या. माउली, तुम्ही आणि मी त्यांच्याच वंशातले आहोत. आपल्या वाट्याला कळस आला नाही म्हणून आपली वारी वाया गेली, असे म्हणता येत नाही.

शुद्ध प्रतीची वाट

आणखी एक हिशेब. माउलींचा ग्रंथ १२९० चा. पुढे तो हातांनी उतरवला जाऊ लागला. उतरवणाऱ्याचा डोळा चुकतो, कान चुकतो. एखाद्याला जुना शब्द कळला नाही की तो आपला शब्द घालतो. एखाद्याला भक्ती फार दाटली की तो आपली ओवीच घालतो. असे पाठ बिघडत गेले. नाथबाबांनी अनेक प्रती मिळवून, ताडून, ग्रंथ शुद्ध केला तो शके १५०६ मध्ये, इ. स. १५८४ ला. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो ती या कामाची आठवण म्हणून. ग्रंथ लिहून झाल्यावर तो शुद्ध व्हायला २९४ वर्षे जावी लागली.

अजानवृक्षाची मुळी माउलींच्या कंठाला लागली आणि त्यांनी नाथांना स्वप्नात येऊन ती काढायला सांगितली, ही कथा आपल्याला माहीत आहे. कथेचा भाव मोठा आहे. कंठ म्हणजे वाणी. वाणीला मुळी लागली म्हणजे पाठ बिघडला. देवाने ती मुळी एका रात्रीत चमत्काराने का काढली नाही? कारण ती काढायला एक माणूस तयार व्हायचा होता. त्या माणसाला आधी देवगडावर जनार्दनस्वामींची सेवा करायची होती, हिशेब लिहायचे होते, तीर्थे हिंडायची होती, गृहस्थाश्रम करायचा होता, भागवत मराठीत आणायचे होते. एकनाथी भागवत काशीला पूर्ण झाले शके १४९५ मध्ये. त्यानंतर अकरा वर्षांनी ज्ञानेश्वरी शुद्ध झाली. नाथांचे वय तेव्हा पन्नाशीपुढे होते. देव उशीर करीत होता असे वरून दिसते, पण आतून तो माणूस घडवत होता.

यावरून पहिला सिद्धान्त असा निघतो, की ज्या ठिकाणी काही पिकायचे आहे, घडायचे आहे, तिथला वेळ देवाचा असतो. तो कमी करता येत नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी पाहा. भाद्रपद-आश्विनात पेरतात, माघ-फाल्गुनात काढतात. मधे पाऊस नसला तरी जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर ती वाढते. रोज उपटून मूळ किती वाढले ते पाहणाऱ्याच्या घरी ज्वारी येत नाही. तुमच्या नामस्मरणाचे, तुमच्या मुलाच्या शिक्षणाचे, भावाभावांत तुटलेले मन पुन्हा जुळण्याचे असेच आहे. तिथे धीर धरावा. परंतु धीर धरणे म्हणजे शेताकडे पाठ फिरवणे नव्हे. शेतकरी पीक ओढून वाढवत नाही, पण तण काढतो, पाखरे हाकलतो, राखणीला जातो.

मंगळवेढ्याची दोन माणसे

मंगळवेढ्याचे नाव निघाले आहे, तर जरा तिथेच थांबू. पंढरपुरापासून हे गाव अर्ध्या दिवसाच्या चालीवर. देवाच्या वेळाबद्दल बोलताना या गावाला टाळून जाणे सोयीचे असते, म्हणून मुद्दाम थांबू.

इथले चोखोबाराय. नामदेवांच्या मेळ्यातले संत. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, अख्खे घर अभंग रचणारे. जातीने महार, म्हणून देवळात पाऊल टाकण्याची मनाई. चंद्रभागेच्या पलीकडे राहून त्यांनी दीपमाळ उभारली, असे परंपरा सांगते. शके १२६० मध्ये, इ. स. १३३८ ला, मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर ते वेठीने राबत असताना कूस कोसळले आणि त्याखाली ते गेले. नामदेवराय तिथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून ओळखून पंढरीला घेऊन आले, आणि महाद्वारापुढे त्यांची समाधी झाली. द्वारापुढे, माउली. द्वाराच्या आत नव्हे. नामदेवांनीही नंतर आपली जागा त्याच दारातल्या पायरीत घेतली.

त्या समाधीला नमस्कार करून आपण आत जातो. पण ज्यांच्या कुळातला तो संत, त्यांना आत जायला कधी मिळाले? साने गुरुजींनी महिनोन् महिने महाराष्ट्र पिंजून काढला, आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण मांडले. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरले आणि उपोषण सुटले. १३३८ पासून १९४७ पर्यंत ६०९ वर्षे होतात. पाया ते कळस या काळाहूनही हा काळ मोठा आहे.

आता मला सांगा, हा उशीर कोणाचा? याला देवाची संथ गती म्हणायची का? आमच्या तरुणपणी काही जुनी मंडळी तसे म्हणत. "वेळ आली तेव्हा दार उघडले, देवाची इच्छा." हे बोलणे मला तेव्हाही गोड लागले नाही आणि आता सत्तरी ओलांडल्यावर तर मुळीच लागत नाही. नाथांच्या वेळी माणूस घडायचा होता, म्हणून वेळ लागला. इथे काय घडायचे होते? चोखोबांची भक्ती पिकायची राहिली होती का? देव तर विटेवर उभाच होता. त्याने कोणाला अडवले नव्हते. संतचरित्रांत देव चोखोबांना भेटायला स्वतः येतो, त्यांच्या घरी जेवतो. अडसर दाराला होता आणि तो माणसांच्या हातात होता. माणसांच्या उशिराला देवाचे नाव देणे हा देवावर घातलेला आळ आहे.

इथे कर्ममेळ्याची आठवण ठेवावी. बापाने पुष्कळ सोसले आणि आर्जवाने गायिले. मुलगा तसा नाही. तो देवाला सरळ विचारतो की आम्हाला हीन म्हणवून जन्माला घातलेस, यात तुझी थोरवी ती काय. काहींना हे उद्धट वाटते. पण संप्रदायाने त्याचे अभंग काढून टाकले नाहीत. गाथेत बापाच्या जवळच मुलालाही जागा दिली. यातला अर्थ असा, की ज्याच्यावर अन्याय चालला आहे त्याने "किती दिवस?" म्हणून विचारले, तर ती अश्रद्धा होत नाही. तीही देवाशीच बोलणे आहे. धीराचा उपदेश करायचा असेल तर तो आधी दार अडवून बसलेल्याला विचारून करावा, "बाबा रे, तुझा धीर कशासाठी चालला आहे?"

आणि सहाशे वर्षांची किंमतही पडली. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षे चालला आणि दार उघडले नाही. १९३५ मध्ये येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. १९५६ मध्ये ते लाखो लोकांसह बुद्धाला शरण गेले. अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ त्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केला, तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला. ज्या चोखोबांना आपण दारात ठेवले, त्यांची आठवण त्यांनी ग्रंथाच्या पहिल्या पानावर ठेवली. ते गेले त्या मार्गाचा मान राखूनच मी म्हणतो, की आपल्या दिंडीतली केवढी माणसे आपल्या उशिरामुळे आपल्याजवळून गेली, हे वारकऱ्याने विसरू नये.

आता त्याच गावातले दुसरे माणूस. दामाजीपंत. बहामनी राजवटीत मंगळवेढ्याच्या सरकारी धान्याचे अंबार त्यांच्या ताब्यात. दुष्काळ पडला, माणसे दारात येऊन पडू लागली. रीतसर करायचे तर बेदरला लिहायचे, हुकमाची वाट पाहायची. त्यात महिना गेला असता. दामाजीपंतांनी कोठारे उघडली. बादशहाने पकडून आणण्याचा हुकूम काढला. तेव्हा देव विठू महाराचे रूप घेऊन बेदरच्या दरबारात गेला, धान्याचे मोल भरले आणि पावती घेतली, अशी कथा महिपतींनी घराघरांत पोचवली.

ही कथा कीर्तनात शेकडो वेळा सांगितली जाते, पण तिचा क्रम नीट लक्षात घ्यावा. देव आधी पैसे घेऊन आला आणि मग पंतांनी कोठार उघडले, असे झाले नाही. पंतांनी आधी कोठार उघडले. भुकेल्याला थांब म्हणून सांगायचे नसते, एवढे त्यांना कळले. देव मागून आला आणि त्यांचा शब्द राखला. आणखी एक गोष्ट. देवाला रूप घ्यायचे होते, तर त्याने कोणाचे घेतले? विठू महाराचे. त्याच मंगळवेढ्याच्या, ज्या मंगळवेढ्याला चोखोबा कुसाखाली गेले. देवाने सांगायचे ते सांगून टाकले होते. ऐकायला आपण १९४७ उजाडवले.

देवाचा वेळ कसा ओळखावा

म्हणून ज्या माणसाने मागे थांबून प्रश्न विचारला, त्याला "धीर धरा" एवढे सांगून मी मोकळा होत नाही. मी त्याला तीन गोष्टी तपासायला सांगतो.

एक, ज्याची वाट पाहता आहात ते पिकणारे आहे की अडवलेले? बी मातीत असेल तर थांबा. बी पोत्यातच असेल तर देवाकडे पाहू नका, उठा आणि पेरा. विहीर आटली असेल तर नामही घ्यावे आणि गावाला जोडून पाणी अडवण्याच्या कामालाही लागावे. घरात आजार असेल तर डॉक्टरांचे औषध वेळेवर द्यावे. अंगारा लावून दवाखाना लांबणीवर टाकणे याला श्रद्धा म्हणत नाहीत. कर्ज झाले असेल तर तोंड लपवून एकटे बसू नये, चार जवळच्या माणसांना सांगावे. दिंडीत पाय मुरगळला तर आपण लपवतो का? शेजारचा वारकरी पडशी घेतो, खांदा देतो. संसारातही तसेच करावे.

दोन, उशिराची झळ कोणाला बसते? झळ मला बसत असेल तर मी धीर धरीन. ती माझी तपश्चर्या आहे. पण माझ्या धीरामुळे झळ दुसऱ्याला बसत असेल, तर तो धीर नव्हे, आळस आहे, आणि कधी कधी आळसाहून वाईट काही आहे. सुनेचा छळ घरात चालला असताना "होईल हळूहळू सगळे ठीक" म्हणणारा सासरा माळकरी असला, तरी दार अडवणारांतच मोडतो.

तीन, वाट पाहताना हात काय करतात? तुकोबारायांकडे पाहा. शके १५५२ च्या दुष्काळात, म्हणजे १६३० च्या सुमारास, घरची माणसे गेली, व्यापार बसला, मान गेला. भंडारा डोंगरावर ते गेले ते रुसून बसायला नव्हे. संतांची वचने पाठ केली, मोडके देऊळ नीट केले, कीर्तनात मागे उभे राहून धृपद धरले. पुढे वह्या इंद्रायणीत गेल्या तेव्हा ते तेरा दिवस काठावर बसले. त्या तेरा दिवसांचे आपण वर्णन करतो, पण ते तेरा दिवस बसण्याचे बळ आधीच्या कितीतरी वर्षांच्या साधनेतून आले होते. ज्याने वर्षानुवर्षे धृपद धरले, त्यालाच तेरा दिवस निश्चल बसता येते.

पायी का जायचे

एखादा नातू विचारतो, "आजोबा, पंढरपूर मोटारीने पाच-सहा तासांचे, मग पायी कशाला?" त्याला रागावू नये. प्रश्न चांगला आहे. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला दिंड्यांची, मुक्कामांची, भजनाची आजची शिस्त लावली. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी राहिलेले सरदार. घोड्यावरून दौड करणे त्यांना शिकवावे लागले नसते. तरी त्यांनी आखून दिली ती पायी चाल. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान, आणि सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आषाढ शुद्ध दशमीला पंढरपूर. दिवे घाट चढायचा, नीरेत स्नान करायचे, लोणंदला विसावायचे, वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र व्हायच्या. कोणी पुढे पळायचे नाही, कोणी मागे राहायचे नाही. म्हातारीच्या पावलाने दिंडी चालते. उतावीळ मनाला देवाच्या चालीची सवय लावण्याचा हा दरसालचा अभ्यास आहे. पंढरीला पोचल्यावर जे मिळते, त्यातले पुष्कळसे वाटेतच मिळून गेलेले असते.

आणि वारकऱ्याला थांबताही येते, हे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांनी दाखवले. महामारी होती. पादुका एसटीतून पंढरीला गेल्या, बरोबर मोजकी माणसे. ज्यांची वारी बापजाद्यांपासून चुकली नव्हती, ती म्हातारी माणसे घरच्या तुळशीपुढे उभी राहून रडली, पण घराबाहेर पडली नाहीत. आपल्या पायांनी दुसऱ्याच्या घरी आजार जाऊ नये, म्हणून ती थांबली. तिथे धीर धरण्यात दुसऱ्याचे रक्षण होते, म्हणून तो खरा धीर होता. २०२२ ला वाट पुन्हा भरली.

वीट

शेवटी मूळ गोष्टीकडे येऊ. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. देव दारात आला. पुंडलिक उठला नाही, हातातली सेवा त्याने सोडली नाही. एक वीट मागे सरकवली आणि थांबायला सांगितले. देव थांबला. पुराणाच्या गणतीने अठ्ठावीस युगे झाली, तो तिथेच उभा आहे, हात कमरेवर ठेवून.

आपण सारे म्हणतो की आम्ही देवाची वाट पाहतो. आपल्या दैवताकडे नीट पाहिले तर उलट दिसते. वाट पाहणारा तो आहे. इतर देवांच्या हातांत शस्त्रे असतात, आपला देव हात कमरेवर ठेवून उभा आहे, कारण त्याला कोणाची तरी सेवा पुरी व्हायची आहे तोवर थांबायचे आहे. आईबापांची सेवा करणाऱ्यासाठी देव थांबतो. चोखोबांसाठी दार उघडेपर्यंतही तो थांबलाच होता. फरक इतकाच की पुंडलिकासाठी तो आनंदाने थांबला असेल, आणि त्या दारापाशी आपल्यामुळे थांबला.

तेव्हा माउली, या आषाढीला दर्शनबारीत उभे राहाल, तेव्हा पुढचा माणूस सरकत नाही म्हणून चडफडू नका. बारी लांब आहे तर नाम घ्यायला वेळ आहे. वशिल्याने आत जाण्याची वाट कोणी दाखवली, तर मागे उन्हात उभ्या असलेल्या म्हातारीकडे एकदा पाहा. महाद्वारापाशी आलात की घाई न करता चोखोबांच्या समाधीपुढे थांबा, डोके टेका आणि घरी कोणते दार आपल्या हाताने बंद ठेवले आहे ते आठवा. कोणाशी बोलणे सोडले असेल, कोणाचा हिस्सा दाबला असेल, कोणाला ओट्याच्या खाली बसवत असाल. ते दार घरी पोचलात त्याच दिवशी उघडा. बाकी जे देवाकडे मागितले आहे त्याची तिथी त्याच्याकडेच राहू द्या, आणि पुढच्या एकादशीची तयारी करा.

रामकृष्णहरी.